चारचं ॲव्हरेज

उज्वला रेणापूरच्या मराठी शाळेत कायम पहिली. बारावीला लातूरला आली, तर इथलं गणित इंग्रजीतून बोलू लागलं. भूकंपाला दोन वर्षं झाली होती आणि शहरात गल्लोगल्ली क्लास निघाले होते. बिरादार सरांच्या पहिल्या, म्हणजे हुशार मुलांच्या बॅचमध्ये एकच जागा उरली होती. फळ्यावरचं गणित सोडवील त्याला ती मिळणार होती, आणि उज्वलाचा त्या जागेवर डोळा होता.

गणित ट्रकचं होतं. डिझेलचा ताशी खर्च म्हणजे वेगाचा वर्ग भागिले चाळीस. ड्रायव्हर-क्लीनरचे ताशी चाळीस रुपये. किलोमीटरमागे खर्च कमीत कमी यावा, तर ‘ॲव्हरेज स्पीड’ किती?

‘ॲव्हरेज’ वाचलं आणि तिचा जीव भांड्यात पडला. तिचे अप्पा ट्रक चालवायचे. घरात चहाबरोबर ॲव्हरेजच निघायचं. पुढचा ‘स्पीड’ तिनं पाहिलाच नाही. ऐटीत उठून फळ्यावर लिहिलं : चार.

“चार काय?”

“लिटरला चार किलोमीटर, सर. भरलेली गाडी चारचंच ॲव्हरेज देती.”

वर्ग खो खो हसला. सरांनाही हसू आवरेना. “अगं, इथं ॲव्हरेज म्हणजे सरासरी! वेग विचारलाय. उद्या सकाळी शेवटची संधी.” पोरीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी रामलिंगअप्पा पुनर्वसनाच्या गावी सिमेंट उतरवून हॉस्टेलवर डबा घेऊन आले. ट्रकच्या केबिनमध्ये बसून तिनं रडत रडत सगळं सांगितलं.

“वेग व्हय?” अप्पा म्हणाले. “त्यात काय! चाळीस. लई पळवली तर डिझेल पिती, हळू नेली तर दिवस खाती अन् क्लीनरची रोजी वाढती.”

तिनं डोळे पुसले आणि वही उघडली. किलोमीटरमागे खर्च : वेग भागिले चाळीस, अधिक चाळीस भागिले वेग. डेरिव्हेटिव्ह शून्य धरलं, तर वेगाचा वर्ग आला सोळाशे. “अप्पा, चाळीसच हाय!” ती ओरडली.

“मग मी काय सांगायलोय?” अप्पांनी तिच्यापुढं भाकरी सरकवली.

सकाळी तिनं फळा भरून टाकला. सरांनी विचारलं, “हे मिनिममच कशावरून?”

“दुसरं डेरिव्हेटिव्ह धन येतं, सर.”

“शाब्बास. आजपासून पहिली बॅच. पण कालचं चार कुठून आणलं होतंस, आणि आजचं चाळीस कुठून?”

“दोन्ही अप्पांचंच, सर,” उज्वला म्हणाली, आणि या वेळी सगळ्यांच्या आधी तीच हसली.