वाराचा गडी

कॉलेजची टीम हरली हे सांगायला त्या हिवाळ्यात कुणी धावत येत नसे. भात झोडून झालं होतं, रानात वाल फुलावर आले होते आणि टीम हरत होती. तिन्ही गोष्टी हंगामाला धरून चालल्या होत्या. नेरळात हरली, पनवेलीला हरली. बदलापूरच्या पोरांनी तर अशी लोळवली की परतताना भिसेगावची मंडळी टेंपोत एकमेकांची तोंडं न बघता बाहेरचा अंधार बघत बसली. टेंपो गजाचा. तो मढ्याच्या चालीनं गाडी हाकत म्हणाला, ही टीम नाय, वऱ्हाड हाय. जातं, बसतं, नारळ घेतं नि परत येतं.

सगळ्यांत जास्त विटली होती धोंडूबाई, कारण त्या टीममध्ये तिचा वार होता.

कर्जतला कॉलेज नवं उघडलं तेव्हा कशेळ्याच्या पल्याडची, डोंगराच्या कुशीतली पोरं शिकायला आली. राहायला खोली मिळाली, पण जेवायचं काय? मग भिसेगावच्या घरांनी वार लावून घेतले. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, अशी पोरं जेवत. त्यांतलीच चार-पाच कबड्डी खेळायला लागली आणि गावाचा जीव त्या मैदानात गुंतला. आपल्या ताटावरचा पोरगा चढाईला गेला की ताट वाढणारीचाच श्वास अडकायचा. हरून आला तरी वार मोडत नसे. उलट त्या दिवशी भात जास्त शिजे आणि शिव्याही जास्त मिळत. जेवता जेवता त्याला विचारलं जाई, तो डावा कोपरा मोकळा दिसत व्हता, मंग तिकडं का नाय गेलास रं? पोरगा घास गिळून उत्तर देई. ही भिसेगावची फी होती.

धोंडूबाईचा वार रविवार आणि त्या वाराचा पोरगा सदू. उंचेला, सडपातळ, हाडं बाहेर आलेली. पहिल्या रविवारी दारात उभा राहिला तेव्हा चप्पल नव्हती आणि आत यायला लाजत होता. तिचा नवरा बुधाजी म्हणाला, ये रं, हितं कुनी चावत नाय. त्या दिवशी सदूनं वालाचं बिरडं आणि भात इतका खाल्ला की बुधाजीनं हळूच आपलं ताट पुढं सरकवलं. पुढं तोच सदू टीमचा कणा झाला. बाकीचे सहा जण चिखलात रुतलेल्या म्हशींसारखे उभे असत. सदू एकटा मध्यरेषा ओलांडून जाई, आणि त्याच्या दमाचा तो एकसुरी गुंजारव भुंग्यासारखा मैदानभर फिरे. डोंगरात गुरं वळताना हाका मारून मारून त्याची छाती भात्यासारखी झाली होती. धोंडूबाई वाल सोलता सोलता गायची. तिच्या आईकडून तिला गाणी आली होती, पण हे तिनं स्वतःच जुळवलेलं:

सदूचा गं दम, जसा उल्हासाचा पूर,
अडवाया गेले सात, सात गेले वाहून दूर.

बायकांनी ते उचललं. भिसेगावात उल्हास नदीवर पाणी भरताना ते ऐकू येई.

मग कॉलेजच्या चेअरमननं टीम सुधारायला घेतली. खोपोलीकडून दोन गडी आणले आणि पहिल्या वर्षाला त्यांची नावं घातली. मिशा अशा की मास्तरच उठून उभे राहावेत. एकाचा पोरगा शाळेत जात होता. वर्गात ते कधी दिसले नाहीत, मैदानात मात्र सगळ्यांच्या पुढं. टीमला निळे कपडे आले, पायात कॅनव्हासचे बूट आले. खेळाडूंनी आता घरोघर जेवायचं नाही, स्टेशनजवळच्या खानावळीत जेवायचं, असं ठरलं. वार बंद झाले. आणि टीम हरतच राहिली. फरक इतकाच की आधी आपली पोरं हरत होती, आता परकी माणसं आपल्या नावानं हरत होती. गजा म्हणाला, वैनी, घरचा बैल बसला तर मारता तरी येतो. भाड्याचा बसला तर नुसतं बगायचं.

धोंडूबाईला अन्नावरची वासना उडाल्यासारखं झालं. रविवारी ती सवयीनं जास्तीचा भात टाकायची आणि मग संध्याकाळी तो शिळा भात बघून तोंड फिरवायची. तरी सामन्याला जायचं चुकवत नव्हती. ओकारी येते म्हणून कुणी आपलं घर सोडतं का?

खालापूरला मोठी स्पर्धा भरली. तिथं मात्र नवल झालं. सदूनं एकट्यानं टीम ओढत उपांत्य सामन्यापर्यंत नेली. समोर खोपोलीकडच्या एका कारखान्याचा संघ. गजाचा टेंपो माणसांनी इतका भरला की बुधाजीला फळीवर उलटं बसून जावं लागलं. मैदानाभोवती दोरखंड बांधले होते, बायकांची बाजू वेगळी होती. धोंडूबाई दोराला पोट टेकवून उभी.

सामना बरोबरीत आला, शेवटची मिनिटं. सदू चढाईला गेला. कोपऱ्यातल्या गड्याला पायानं शिवला, वळला, परत निघाला. अंगाला कुणाचा हातही लागला नव्हता. मध्यरेषा इतकी जवळ होती की नुसता पुढं कोसळला असता तरी हात पोचला असता. आणि तिथं त्याचा दम थांबला.

तुटला नाही, थांबला. दम तुटतो तेव्हा माणूस धापा टाकतो, चेहरा तांबडा होतो, घशातून शिट्टी येते. सदू सरळ उभा होता. ओठ मिटलेले. पंचानं बोट वर केलं. लोकांना आधी वाटलं पंचच चुकला. बोंबाबोंब झाली, कुणीतरी मैदानात चप्पल टाकली. पण सदूच मान खाली घालून बाहेर येऊन बसला. त्यापुढं पंचाशी कोण भांडणार?

परतीच्या वाटेवर टेंपोत गजानं तिचंच गाणं तिच्यावर फेकलं:

सदूचा गं दम, वैशाखातली नदी,
पाय भिजंल इतकं पानी दिसंना कदी.

सगळे हसले. हसण्यात कडवट थुंकी होती. एक जण म्हणाला, इकला गेला तो. धोंडूबाई ताडकन वळली. तिनं त्या माणसाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "खानावळीच्या पान्यासारख्या आमटीवर दम टिकंल व्हय रं? पोरगं अर्धपोटी खेळतंय. ताट आमी बंद केलं, नि इकला गेला म्हनता?"

खरंच असेल, असं काहींना वाटलं. वार लावणाऱ्या गावाला हार पोटात शोधायची सवय होती.

तिलाही ते खरंच वाटलं. बदलापूरचं हरणं, निळे कपडे, मिशांचे विद्यार्थी या सगळ्याची किळस तिनं एका जागी गोळा केली आणि खानावळीच्या पातेल्यात ओतली. दोष सापडला की माणसाला बरं वाटतं. दुसऱ्याच दिवशी ती चेअरमनच्या दुकानात गेली आणि गिऱ्हाइकांसमोर भांडली. चेअरमन सभ्य माणूस होता. त्यानं तिला बाकावर बसवलं, चहा मागवला आणि समजावलं की आता खेळ हौशी राहिला नाही, खेळाडूला चांगला खुराक लागतो, बूट लागतात, पुढची सोय लागते, ताटाला ताट जोडून टीम होत नाही. तिनं चहा प्यायला नाही. शेवटी कटकट नको म्हणून तो म्हणाला, एक रविवार तुमच्याकडे जेवू दे त्याला, माझी हरकत नाही.

घरी येऊन तिनं बुधाजीला सांगितलं, तो म्हनतो आता हौस नाय. हौस नाय तर मंग हाय काय त्यात?

बुधाजी विडी विझवत म्हणाला, खेळ हाय गं तो. तू मनाला लावून घेतेस.

गावदेवीच्या जत्रेसाठी एक कोंबडा राखून ठेवलेला होता. तांबडा, तुऱ्याचा, अंगणात राजासारखा चालणारा. त्या रविवारी सकाळी तिनं बुधाजीला तो कापायला लावला. देवीला मनातल्या मनात सांगितलं, तुला दुसरा देईन, यंदा पोराच्या छातीत बळ कमी हाय. खोबरं भाजून वाटलं, तांदळाच्या भाकरी थापल्या. रस्सा उकळायला लागला तसं तिचं मन निवळलं. तिनं नवीन ओळ जुळवायला घेतली, पण दुसरा चरण सुचेना.

सदू आला. अंगावर टेरिलीनचा शर्ट, पायात बूट, हातात पेढ्यांचा पुडा. आत येताना त्यानं वाकून नमस्कार केला. ती म्हणाली, आदी बस. बुधाजी ओसरीवर होता. तिनं वाढलं. सगळे चांगले तुकडे त्याच्या ताटात, रस्सा वाटीच्या काठापर्यंत. तो जेवायला लागला आणि ती समोर बसून बघत राहिली. किती दिवसांनी घरात असा जेवणाचा आवाज होता.

"खा रं," ती म्हणाली. "येवढा दम कवा तुटला नव्हता तुजा."

सदूचा हात भाकरीवर थांबला. मग तो हसला. घरचा माणूस घरच्यांपाशी हसतो तसं, मोकळं.

"तुटला नव्हता मावशी. सोडला."

तिला कळलं नाही. त्यानं समजावून सांगितलं, शहाण्या मुलानं आईला समजवावं तसं. कारखान्याचा साहेब खालापुरात येऊन भेटला होता. तुला नोकरीत कायम करतो म्हणाला, खोली देतो, त्यांच्याच टीममधून खेळायचं. फक्त यंदाची ढाल त्यांना हवी होती. सदूचा बाप अजून डोंगरात दुसऱ्याची गुरं वळतो, धाकटी बहीण लग्नाला आलेली. कॉलेजनं काय दिलं? बूट. तेही तसलेच.

"नि येकाच चढाईत सोडला बग," तो म्हणाला. "बाकी सगळा खेळ खरा खेळलो. तुज्यान्‌."

अशी शपथ घेऊन त्यानं रश्श्यात भाकरी बुडवली.

चुलीवर रस्सा अजून रटरटत होता. त्या वासाला तोंड फिरवून धोंडूबाईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. नोकरीचं तिला काही वाटलं नाही. नोकरी कुणाला नको? बहिणीचं लग्न खरं, बापाची गुरं खरी. पण त्याला लाज नव्हती. हा पोरगा तिच्यासमोर बसून, तिच्या देवीच्या वाटणीचा कोंबडा खात, बाकी खेळ खरा खेळलो म्हणत होता. दुधात एकच थेंब टाकला म्हणणाऱ्या गवळ्यासारखा. तिनं टेंपोत ज्याचा उद्धार केला होता त्या माणसाचा चेहरा तिच्या डोळ्यांपुढं आला, आणि तोंडाला कडू पाणी सुटलं.

हरलेल्याला ताटावर शिव्या देता येतात, पण जेवत्याला ताटावरून उठवायचं नसतं. त्यानं भात मागितला, तिनं वाढला. परत मागितला, परत वाढला. तो पोटभर जेवला.

हात धुऊन सदू ओसरीवर आला. बुधाजीला पुडा दिला. म्हणाला, खोपोली काही लांब नाही, रविवारची सुट्टी असते, वार परत चालू कर मावशी, कारखान्यात तुज्या हातचं कुठं मिळणार?

तिनं पदरानं कपाळ पुसलं.

"वार शिकनाऱ्याचा असतो रं सदू. कमावत्याला वार नसतो. आता येशील तवा पाव्हना म्हनून ये. आदी सांगून ये."

तो पुन्हा हसला, तिची थट्टा असेल असं समजून. मग त्यानं बुधाजीकडं पाहिलं. बुधाजी पुड्याची सुतळी सोडवत होता आणि ती सुटत नव्हती. सदूच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. तो बुटाच्या नाड्या बांधायला बसला. फार वेळ बांधत बसला. मग गेला.

महिनाभरानं कर्जतलाच सामना झाला, कॉलेज विरुद्ध तोच कारखाना. मिशांचे दोन्ही विद्यार्थी तोवर कुठं तरी जास्तीच्या बोलीवर निघून गेले होते, म्हणून कॉलेजनं पुन्हा आपली पोरं उभी केली; खानावळीची सोयही बंद झाली. जायचं नाही असं धोंडूबाईनं ठरवलं होतं. तरी गेली.

सदू कारखान्याच्या पिवळ्या बनियनमध्ये चढाईला आला. दम असा घुमला की लिंबाच्या झाडावरचे कावळे उठले. एकानं पाय धरला, दुसऱ्यानं कंबर धरली. तो दोघांना ओढत रेषेपर्यंत आला, आणि दम तसाच, अखंड, तेलाच्या धारेसारखा. कारखान्याच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. धोंडूबाईनं आयुष्यात इतकी देखणी चढाई पाहिली नव्हती, आणि पाहताना तिला इतकं घाण कधी वाटलं नव्हतं. ती थुंकायला मागं वळली. शेजारच्या बाईनं विचारलं, काय झालं? ती म्हणाली, काय नाय, तोंडात माती गेली.

मग कॉलेजकडून हिरू नावाचं एक पोरगं चढाईला गेलं. यंदाच आलेलं, गुडघे फुटके, डोळे भेदरलेले. त्यानं रेषा ओलांडली, दोन पावलं टाकली, कुणाला शिवायच्या आधीच स्वतःच्या पायात पाय अडकून आडवं पडलं. कारखान्याच्या चार गड्यांनी हसत हसत त्याच्यावर बसून घेतलं. तरी त्या ढिगाखालून त्याचं चिरकं, फाटकं कबड्डी कबड्डी ऐकू येत राहिलं. पंचानं शिट्टी मारली तरी ते थांबेना. मैदान खो खो हसलं.

धोंडूबाई दोरापाशी गेली. तिचा आवाज बायकांच्या बाजूकडून थेट पंचाच्या कानापर्यंत पोचला.

"आरं ए मुडद्या, पाय हायेत का खुंट? काय खाऊन आलास? कुनाच्या घरी जेवतोस रं तू?"