मी झाकलेला गुडघा

मी गुडघ्याला गुंडाळायची क्रेपची पट्टी बोलतेय. हो, तीच, मळकट रंगाची, ओढली की लांबणारी आणि सोडली की आक्रसणारी. कारखान्यात विणली गेले तेव्हा वाटलं होतं, एखाद्या दवाखान्याच्या स्वच्छ कपाटात जाईन. नशिबी आली मुलींच्या व्हॉलीबॉल संघाची बॅग. घामट मोजे, शिट्टी आणि पिळून पिळून संपवलेली मलमाची ट्यूब, असा माझा शेजार.

बॅग संघाच्या प्रशिक्षकांची. मुली त्यांना काका म्हणतात. काकांचा माझ्यावर भारी जीव. कुणी लंगडली की दोन वेढे खाली, तीन वर, दातेरी क्लिप लावली आणि पाठीवर थाप. "चालता येतंय ना? मग झालं तर!" मुलगी उठायची, टाळ्या पडायच्या आणि श्रेय मला मिळायचं. मीही फुशारले होते, खोटं कशाला बोलू?

उपांत्य सामन्यात संघाची कर्णधार जाळ्याजवळ उंच उडाली आणि एका पायावर उतरली. अंग वळलं, पाऊल जागेवरच राहिलं. कुणाचा धक्कासुद्धा लागला नव्हता. ती मटकन खाली बसली, चेहरा पांढराफटक. काकांनी मला करकचून आवळलं. पाच मिनिटांत ती चालायला लागली.

"बघा, काही झालेलं नाही," काका म्हणाले. "परवा अंतिम सामना आहे. हिच्याशिवाय कसं जमायचं?"

मला मात्र कातडीला चिकटून सगळं कळत होतं. गुडघा आतून फुगत होता. दीड तासात मी इतकी ताणली गेले की क्लिपचे दात उपसून आले. त्या दिवशी मला स्वतःची लाज वाटली. माझ्यामुळे ती सूज कुणाला दिसत नव्हती.

घरी तिची थोरली बहीण कपडे शिवते. कर्णधार जिना चढून आली आणि दारात वळताना तिचा पाय एकदम निसटला. ताईनं शिवणयंत्र थांबवलं.

"काय गं?"

"काही नाही ताई, घसरले."

"कोरड्या फरशीवर? बस इथे."

ताईनं मला सोडलं, गळ्यातली टेप काढली आणि दोन्ही गुडघे मोजले. "डावा छत्तीस सेंटीमीटर, उजवा चाळीस. मापात मी चुकत नाही. मैदानावर नक्की काय झालं?"

"आत टक्कन काहीतरी वाजलं."

"काकांना सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर खेळू दिलं असतं का?"

ताईनं कपाळावर हात मारला. दुसऱ्या दिवशी सकाळीच तिला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी गुडघा थोडा वाकवून नडगी हलकेच पुढे ओढली. डाव्या पायाची नडगी एका जागी थांबली, उजव्याची पुढे सरकतच राहिली. "टक्कन आवाज, लगेच आलेली सूज, वळताना निसटणारा पाय," त्या म्हणाल्या. "हाडांना बांधून ठेवणारं लिगामेंट फाटलं असावं. एमआरआयशिवाय खात्रीनं सांगता येणार नाही. पण उद्या खेळलीस तर आतली गादीही फाटू शकते. चालता येतं म्हणून गुडघा धड आहे असं समजू नकोस."

कर्णधार तिथेच हमसून रडली. मग नाक पुसून तिनं विचारलं, "कुबड्या कुठे मिळतील?"

संध्याकाळी काका घरी आले. तिनं आधीच सांगून टाकलं, "काका, मी उद्या खेळणार नाही."

"अगं, पट्टी जरा घट्ट बांधू की!"

"पट्टी बांधूनच तर झाकलं आपण. मी दुखणं लपवलं आणि तुम्ही विचारलं नाहीत."

काका खुर्चीत बसले. मग म्हणाले, "चुकलंच माझं, पोरी."

"मी बाकावर बसेन. ओरडायला गुडघा लागत नाही."

अंतिम सामना संघ हरला. तिचा आवाज मात्र दोन दिवस बसला होता.

आता मी तिच्याच गुडघ्यावर आहे, सैलसर, बर्फाची पिशवी धरून. पाय उशीवर आहे. एमआरआय झालाय, अहवाल उद्या यायचाय. "फाटलं असेल तर नीट करून घेईन, वर्ष लागलं तरी चालेल," असं ती ताईला तीनदा सांगून चुकली आहे, आणि माझा तिच्यावर विश्वास आहे.

तुम्हीही मला खुशाल वापरा, तक्रार नाही. पण मला बांधून कुणाला मैदानात ढकलू नका. मी गुडघा आवळून धरीन, आतलं तुटलेलं मला जोडता येत नाही.