जिन्याखालच्या खोलीतली धूळपाटी

मित्रांनो, मला पाहिलंत तर तुम्ही मला चहाचा ट्रे समजाल. पण माझ्यावरून कधी एक कपही गेलेला नाही. मी एक धूळपाटी आहे. तळाला निळा रंग, चारी बाजूंनी बोटभर उंच लाकडी कड आणि आत चाळून घेतलेली बारीक वाळू, असं माझं रूप होतं. वाळूत बोटाने अक्षर काढायचं, तोंडाने त्याचा आवाज म्हणायचा, हात फिरवून पुसायचं आणि पुन्हा काढायचं, यासाठी माझा जन्म झाला.

मला घडवलं सुतारकाम करणाऱ्या नागसेन यांनी. कोल्हापुरात त्यांचं छोटंसं वर्कशॉप होतं. त्यांची धाकटी बहीण श्रुती एका खाजगी प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. त्या वर्षी ती दर शनिवारी शाहूपुरीत एका प्रशिक्षणाला जायला लागली होती. ज्या मुलांना डिस्लेक्सियामुळे वाचन अवघड जातं, त्यांना कसं शिकवायचं याचं ते प्रशिक्षण. धूळपाटी प्रत्येकीने स्वतःची आणायची होती.

माझ्या कडा रंध्याने गुळगुळीत होत होत्या, तेव्हा श्रुतीबाई शेजारी स्टुलावर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "दादा, काल प्रशिक्षणाच्या मॅडमनी सगळी लक्षणं सांगितली. घ आणि ध सारखेच दिसतात. कमळचं मकळ होतं. फळ्यावरचं उतरवताना ओळ सुटते. मला सारखा तूच दिसत होतास. तुझं काही चुकलं नव्हतं रे."

रंधा थांबला. नागसेन चौथीतच शाळेतून बाहेर पडले होते. घरात, गल्लीत, शाळेत सगळे त्यांना ढ म्हणत. लहानपणी श्रुतीबाईही म्हणायच्या.

"मग मार कशाचा खाल्ला मी?" एवढंच ते म्हणाले आणि पुन्हा कामाला लागले.

मी तयार झाल्यावर मला पिशवीत घालून श्रुतीबाई घरी गेल्या.

प्रमाणपत्र मिळवायचं तर नियम कडक होते. एकाच मुलाला चाळीस तास शिकवायचं, प्रत्येक तासाची नोंद वहीत ठेवायची आणि शेवटच्या अहवालावर पालकांची सही घ्यायची. श्रुतीबाईंनी चौथीतल्या भैरवीची निवड केली. भैरवी हुशार होती. वडिलांच्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातल्या तारांचे नंबर तिला तोंडपाठ होते. पण पुस्तक उघडलं की तिचा चेहरा उतरायचा.

शाळा सुटल्यावर जिन्याखालच्या खोलीत आमचा तास भरायचा. पहिल्या दिवशी भैरवीने माझ्यात नुसती मूठ दाबली. वाळूवर मुठीचा खळगा उमटला. बाई रागावल्या नाहीत. दहाव्या तासाला ती घ काढून मोठ्याने "घ" म्हणायला लागली. विसाव्या तासाला तिने स्वतःची चूक स्वतःच पुसली. सत्ताविसाव्या तासाला ती धावतच आली.

"बाई, काल स्टँडवर मी यष्टीची पाटी वाचली! चंदगड! आईच्या आधी वाचली!"

"मग काढ बघू पाचही अक्षरं," श्रुतीबाई मला तिच्यापुढे सरकवत मुद्दाम म्हणाल्या. "बाई, चारच हायत की," भैरवी म्हणाली, आणि दोघी खूप हसल्या. मित्रांनो, माझ्या आयुष्यातला तो सर्वांत चांगला दिवस.

अठ्ठाविसावा तास झाला आणि दुसऱ्या दिवशी भैरवीऐवजी तिचे वडील दत्तप्रसाद आले. शाळेच्या मोठ्या सरांनी त्यांना बोलावून सांगितलं होतं, की तुमच्या मुलीवर अहवाल तयार होतोय, अशा मुलांची वेगळी शाळा असते, तिकडे बघा.

"माझी पोरगी काय येडी हाय काय?" दत्तप्रसाद दारातूनच ओरडले.

"नाही हो. ती खूप हुशार आहे. फक्त वाचायची तिची वाट वेगळी आहे. अजून बारा तास द्या मला."

"तुमच्या परीक्षेसाठी माझी पोरगी व्हय? सही न्हाय मिळणार. उद्यापासनं ती हितं दिसणार न्हाय."

आठवड्याभरात दाखला काढून त्यांनी भैरवीला वारणानगरला आत्याकडे पाठवलं.

ती गेली त्या संध्याकाळी श्रुतीबाई वही उघडून बसल्या. बरोबरच्या एका शिक्षिकेने सुचवलं होतं, उरलेले तास नुसते लिहून टाका, कोण बघतंय? त्यांनी एकोणतिसाव्या तासाची तारीख घातली. मग ती तारीख खोडली आणि वही मिटली. त्या वर्षी त्यांना प्रमाणपत्र मिळालं नाही. पुढच्या वर्षी दुसऱ्या मुलाबरोबर त्यांनी पहिल्यापासून चाळीस तास भरले आणि उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाल्या.

मोठ्या सरांनी ते प्रमाणपत्र आपल्या ऑफिसात मागवून घेतलं आणि काचेत मढवून भिंतीवर लावलं. प्रवेशाला आलेल्या पालकांना ते बोट करून दाखवत. श्रुतीबाईंना मात्र साठ मुलांचा वर्ग मिळाला आणि मोकळा तास एकही नाही. जिन्याखालच्या खोलीत प्रिंटर आला. माझी वाळू बागेत ओतली गेली. तेव्हापासून मी सरांच्या कपाटावर आहे आणि माझ्यात शिक्के ठेवतात.

गेल्या महिन्यात दत्तप्रसाद ऑफिसात आले. आधार कार्डावरची जन्मतारीख दुरुस्त करायला त्यांना जुन्या दाखल्याची प्रत हवी होती. सोबत भैरवी होती. खूप उंच झाली होती. रजिस्टर घेऊन आलेल्या श्रुतीबाई तिला पाहून जागीच थांबल्या.

"वाचतेस ना गं?"

भैरवीने वडिलांकडे पाहिलं. "तिकडं मागच्या बाकावर बसून ऱ्हायली," दत्तप्रसाद हळू आवाजात म्हणाले. "सातवीतनं घरी आणली. बाई, मी चुकलो. आता शिकवा की तिला."

"ती आता आपल्या शाळेची नाही," मोठे सर म्हणाले. "आणि बाईंना वेळ कुठे आहे?"

"रविवारी माझ्या घरी आणा," श्रुतीबाई घाईने म्हणाल्या. "दर रविवारी. मी शिकवते."

भैरवी मान खाली घालून उभी होती. "नको बाई," ती म्हणाली. "मला आता वाचायचंच न्हाय."

दाखल्याची प्रत घेऊन बापलेक निघून गेले. तरीही त्यानंतरचे चार रविवार श्रुतीबाई घरी थांबल्या. कोणी आलं नाही.

मित्रांनो, वस्तूला रडता येत नाही, म्हणून मी तुम्हाला सांगते आहे. तुमच्याही वर्गात कोणीतरी असेल, ज्याला मोठ्याने वाचायची पाळी आली की नेमकी तहान लागते. त्याला हसू नका. घरी जाऊन त्याच्याबद्दल सांगा, बाईंना सांगा, आणि लवकर सांगा. तो "नको" म्हणायला शिकेल, त्याच्या आधी.