साक्षीतून गळालेली बाई

धामणगाव बढ्यात आमची ख्रिस्ती मंडळी तेवीस माणसांची. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी उपासनेत साक्ष असते. म्हणजे प्रभूनं आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून चारचौघांत सांगायचं. पाळक विचारतात, "कोणाला सांगायचंय?" आणि सगळ्या माना माझ्याकडे वळतात. एकोणीस वर्षं मी उठतेय.

माझे यजमान गेले तेव्हा अकरा महिने माझ्या तोंडून शब्द निघाला नव्हता. मग एक दिवस निघाला, ते येशूचं नाव होतं. एवढीच साक्ष. पण मी ती चांगली सांगते. अकरा महिन्यांपाशी थांबते, पदर डोळ्याला लावते, आणि मागून गणेशभाऊ बरोबर त्याच जागी "हालेलुया" म्हणतात. उपासना सुटली की बाया माझा हात हातात घेतात. त्यावर माझा महिना निघतो. बाकीचे दिवस मी ब्लाउज शिवते. मुलगी पुण्याला असते. घरात कोणी बोलतंय असं वाटावं म्हणून टीव्ही चालू ठेवते.

ऑगस्टात माझा घसा बसला. पाळक म्हणाले, "असू द्या कोकिळाबाई. आमची सुचिता सांगेल तुमची. पाठच आहे तिला."

सुचिता त्यांची सून. तिनं बिनचूक सांगितली. अकरा महिन्यांपाशी थांबली, ओढणी डोळ्याला लावली. गणेशभाऊ म्हणाले, "हालेलुया." मी पहिल्यांदाच बसून ऐकत होते. वाटलं, बिचारीचं पुढं काय झालं असेल? पुढं काही नव्हतंच. सुचिता खाली बसली.

चपला घालताना मी तिला फुटक्या आवाजात म्हटलं, "मंजुळाबाई राह्यल्या सांगाच्या."

"कोन मंजुळाबाई?"

"दर गुरुवारी येत त्या."

"तुमी तं कधीच नाई सांगतलं, काकू. म्या तं शब्दाले शब्द धरला."

खरं होतं. मंजुळाबाई मोताळ्याहून एसटीनं यायच्या. अकरा महिन्यांत एक गुरुवार चुकला नाही. माझ्यापुढं सुपात डाळ ठेवायच्या, आम्ही दोघी निवडायचो. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून मनातल्या मनात प्रार्थना करायच्या. पहिल्या वर्षी साक्षीत त्या नावानं होत्या. पाळक म्हणाले, जरा आटोपतं घ्या, तेव्हा त्या "एक बहीण" झाल्या. पुढं कधी गळाल्या ते मला ठाऊक नाही. कापड जास्त झालं की मी कापून टाकते, तसंच काहीतरी.

जुन्या वहीतून नंबर काढला. त्यांच्या मुलानं उचलला.

"आईले जाऊन दोन वर्सं झाले. तुमी कोन?"

काय सांगणार? "धामणगावची कोकिळा. ब्लाउज शिवते."

"असं का," तो म्हणाला. आईनं घरी माझं नाव काढलं नसावं. तिनं काय केलं ते ती कोणाला सांगत फिरली नव्हती.

संध्याकाळी प्रार्थनेला गुडघे टेकले. बोलायला घेतलं तर तेच, एकोणीस वर्षांपूर्वीचं. देवालाही पाठ असणार. त्यानंतरचं एकही वर्ष मला त्याच्यापुढं ठेवता येईना.

आमच्या गल्लीत चार घरं सोडून पुंजाजींची सून छाया राहते. तिचं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं. दोन महिने ती नळावरही आली नव्हती. मंडळीत मी तिचं नाव घेऊन मोठ्यानं प्रार्थना केली होती. दार वाजवलं नव्हतं.

ते मी दुसऱ्या दिवशी वाजवलं.

"काय काम होतं, काकू?"

"काई नाई."

"धरम सांगाले आल्या असान तं सासऱ्याले सांगा. थे ऐकतेत सगळ्याइचं."

"घसा बसला हाये माहा. काय सांगू?"

तिनं ओट्याकडे बोट केलं आणि स्वतः दाराआड बसली. मला तिची पावलंच दिसत होती. दहा मिनिटं म्हणजे किती लांब असतात ते मला तिथं कळलं. "बाई, माह्यंही असंच अकरा महिने..." अगदी ओठांवर आलं. सवयीनं हात पदराकडे गेला. मी तो मांडीखाली दाबून धरला.

शेवटी ती म्हणाली, "जा आता. उद्या नका येऊ. नणंदा येऊन राह्यल्या."

"मंग परवा?"

"परवाचं परवा पाहू." तिनं दार लावून घेतलं.

परवा गेले तर कुलूप. शेजारीण म्हणाली, "घरचे वावरात गेले, छाया माहेरी गेली. सोमवारी येईन म्हने. तुमचं काई काम होतं?"

काम नव्हतं. मी मंगळवारी पुन्हा गेले.