जनीचं कोपर

जनी आमच्या स्टुडिओत आली तेव्हा कृष्णकांत नेमके काउंटरवर होते, आणि तिथेच सगळं बिनसलं.

कृष्णकांत म्हणजे माझे यजमान. लाइन आळीतला स्टुडिओ आम्हा दोघांचा, पण बोर्डावर नाव त्यांचं एकट्याचं. लग्नाचे हॉल, मांडव, वराती ते करायचे. डोहाळेजेवणं, बारशी, ओटीभरण अशी घरातली कामं माझ्याकडे, कारण तिथे पुरुषाला कोणी आत घेत नाही. त्याला ते 'आशालताची किरकोळ कामं' म्हणत. किरकोळ कामांवर दुकानाचं भाडं निघायचं, हे ते सोयीने विसरत.

जनी खाडीकडच्या गावातली. नवरा गेला तेव्हा तिची एकुलती एक मुलगी सुनंदा पाळण्यात होती. मिठागरात राबून तिने पोर वाढवली आणि आदल्या वर्षी कामोठ्याला, भीमाबाईंची सून म्हणून दिली. त्या लग्नाचे फोटो कृष्णकांतनी काढले होते. जनीने पंच्यात गुंडाळून आणलेला अल्बम काउंटरवर सोडला आणि एका फोटोवर बोट ठेवलं. पाठवणीच्या आधी घरात काढलेला घरच्या माणसांचा फोटो. मधोमध सुनंदा, तिच्या दोन्ही बाजूंना काका, काकू, माम्या, आत्या, त्यांची पोरं. उजव्या कडेला एक उघडं कोपर आणि लुगड्याचा काठ.

"ह्यो माजा हात," जनी म्हणाली. "बाकीची मी हाय का कुटं? आत ऱ्हायली आसंन तर काढून द्या."

फिल्ममध्ये आपण कुठेतरी उरलो असू, असं तिला वाटत होतं. मी निगेटिव्ह शोधून दिव्यासमोर धरली. तिथेही कोपरच होतं. सबंध अल्बममध्ये आईचा मुलीबरोबर एक फोटो नव्हता, कारण प्रत्येक विधीला ती कुठल्या तरी दाराआड उभी होती. विधवा बाई, शुभकार्यात पुढे कशी येणार? आणि फोटोसाठी बोलावलं तेव्हा कडेला उभी केली.

कृष्णकांतनी चष्म्यावरून फोटो पाहिला आणि म्हणाले, "बाई, तुम्ही जरा आत उभं राहायला हवं होतं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिला आत कोण उभं राहू देत होतं? आणि यांच्या कॅमेऱ्याला पन्नासची लेन्स; आकडा जितका मोठा, तितकं कमी मावतं. घरातल्या खोलीत पाठ भिंतीला टेकली तरी त्या लेन्समध्ये जेमतेम सहा-सात माणसं बसतात. कडेची कापली जातात. आणि कडेला कोण असतं, हे मी इतकी वर्षं बघतच होते. मधल्या माणसांना कधी कात्री लागत नाही.

जनीने अल्बम उचलला. तो पुन्हा पंच्यात बांधताना एवढंच म्हणाली, की सुनीला सातवा लागतोय, पुढच्या महिन्यात ओटी आहे. तेव्हा एक निघाला तर बघा. दुसरी मुलगी नाही, की तिच्या लग्नात निघेल.

मी त्याच रात्री जेवताना सांगून टाकलं, की मला वाइड लेन्स घ्यायची आहे, जवळून जास्त माणसं मावणारी. कृष्णकांत हसले. घ्यायचीच तर मोठी झूम घेऊ म्हणाले. त्यांना लांब लेन्सचं भारी वेड. गळ्यात हातभर नळकांडं लोंबलं की हॉलमधली माणसं वाट करून देतात, असं त्यांचं म्हणणं. एका लग्नात तेच नळकांडं करवलीच्या कपाळावर आपटून टेंगूळ आलं होतं, तेव्हाही माणसांनी वाट करून दिली होती खरी. ओटी भरतात ती खोली दहा बाय दहाची. त्यात पाट, समया, रांगोळी, मांडीला मांडी लावून बसलेल्या बायका, त्यांच्या मांडीवरची पोरं. तिथे ही तोफ घेऊन कुठे उभी राहू? यांना विचारून उपयोग नव्हता. मी वेगळे ठेवलेले पैसे घेतले आणि एसटीने मुंबई गाठली. हे मागोमाग आलेच, मला एकटीला फसवतील म्हणून.

फोर्टातल्या दुकानदाराने मी प्रश्न विचारायचा आणि त्याने उत्तर यांना द्यायचं, असा क्रम धरला. मी छोटी वाइड लेन्स मागितली, तर त्याने यांच्यासमोर झूम ठेवली. मी पुन्हा सांगितलं, तर "मॅडम को हल्की चीज चाहिए" असं यांना सांगून हसला. हेही हसले. मग मी आवाज चढवला. माझा कॅमेरा पिशवीतून काढला आणि त्याला म्हटलं, पस्तीस, अठ्ठावीस आणि चोवीस, तिन्ही इथे ठेवा आणि मला तुमची मागची खोली दाखवा.

मागे खोक्यांनी भरलेली अरुंद खोली होती. मला हवी होती अगदी तशी. मी भिंतीला पाठ लावली आणि त्या दोघांना समोरच्या भिंतीशी दोन टोकांना उभं केलं. पस्तीसमध्ये आमचे कृष्णकांत अर्धेच आले. मला बरं वाटलं, पण लेन्स कामाची नव्हती. चोवीसमध्ये सगळं आलं, दाराची चौकटसुद्धा, पण कडेचा दुकानदार आडवा पसरला. गाल रुंद, डोकं एका बाजूला ओढलेलं. कडेच्या माणसाला आत घ्यायचं आणि त्याचं सोंग करायचं, याला काय अर्थ? अठ्ठावीसमध्ये दोघंही मावले. अगदी कडेला जरा पसरतात, पण माणूस माणसासारखा दिसतो. आणि लेन्स केवढी, तर हळदीकुंकवाच्या करंड्याएवढी. कॅमेऱ्याला लावल्यावर पदराखाली झाकली जाईल अशी.

तेवढ्यात दुकानदाराने लेन्स परत मागायला हात पुढे केला. मी अजून आतूनच बघत होते. त्याचा पंजा एवढा मोठा दिसला की मी दचकले, आणि पंज्यामागचं त्याचं तोंड सुपारीएवढं झालं होतं. जवळचं मोठं, लांबचं बारीक. मी त्याला म्हटलं, हीच बांधा.

परतीच्या एसटीत वाशीच्या पुलावर कृष्णकांतनी लेन्सचं खोकं हातात घेऊन तोललं. मग म्हणाले, एवढीशी लेन्स बघून गिऱ्हाईक म्हणेल, बाईंनी खेळण्यातला कॅमेरा आणला. मी म्हटलं, म्हणू दे.

ओटीच्या दिवशी कामोठ्याला आम्ही दोघं गेलो. फ्लॅशची बॅग उचलायला म्हणून हे आले आणि पुरुषांबरोबर ओसरीवर चहा पीत बसले. भीमाबाईंचं घर नवं, स्लॅबचं, पण समोरच्या खोलीत लोखंडी कपाट, शोकेस आणि पलंग यांनीच निम्मी जागा खाल्लेली. मधे पाटावर सुनंदा, हिरव्या साडीत, फुलांच्या वाडीत घामाघूम झालेली. शेजारी सासूबाई. बाकी बायका दाटीवाटीने. आणि माजघराच्या दारात, उंबऱ्याच्या पलीकडे, बसलेली जनी.

तिने नवं लुगडं नेसलं होतं. केस चोपून बसवले होते. मला बघून ती किंचित हसली आणि लगेच बाजूला सरकली, मला आत जायचं असेल तर वाट अडायला नको म्हणून.

ओटी भरून झाली. पाच सवाष्णींनी भरली. आईने लांबून बघितली. मग भीमाबाई म्हणाल्या, आता सगळ्यांचा एक मोठा फोटो होऊ दे. मी भिंतीशी गेले, पाठ टेकली, डोळा लावला. सगळ्या येत होत्या. दारातली जनीसुद्धा, अगदी कडेला, पण पूर्ण. मला इतका आनंद झाला, पण तो दोन घटकाही टिकला नाही.

कारण खिडकीतून कृष्णकांत डोकावले. बायकांना हसवायची त्यांना भारी हौस. म्हणाले, "मंडळी, सांभाळून हां. नवी लेन्स आहे बाईंची. कडेला जो उभा राहील तो जाडा दिसतो."

झालं. खोलीत पळापळ सुरू झाली. आधीच अंगाने भरलेल्या काकू-माम्या मधे घुसल्या. कोणी पलंगावर चढली, कोणाचा पाय रांगोळीवर पडला. जिला तिला मधेच बसायचं होतं. सुनंदाने त्या गर्दीतून हात वर केला आणि म्हणाली, "आये, तू ये ना हितं." तिला पुढचं बोलू न देता भीमाबाई म्हणाल्या, "जनीला ऱ्हाऊ दे दारात. ती काटकी हाय, जरा जाडी दिसली तर बरीच दिसंल."

सगळ्या हसल्या. जनीही हसली, तोंडाला पदर लावून. "ऱ्हाऊ दे गो बाय. मी हितंच बरी हाय."

त्या हसण्याने माझं डोकं फिरलं. भीमाबाईंचा राग आला, माझ्या नवऱ्याचा आला, आणि खरं सांगते, सगळ्यात जास्त जनीचा आला. अगं, हसतेस काय? पण तिला काय बोलायचं, आणि कुठल्या तोंडाने? मी भिंत सोडली. बायकांच्या पायांतून वाट काढत, कोणाच्या पदरावर पाय देत, सरळ दाराकडे गेले. उंबरा ओलांडून जनीच्या शेजारी गुडघ्यावर बसले, तिच्या खांद्यापासून हातभर अंतरावर. लांब लेन्स असती तर तिथे कॅमेरा धरतासुद्धा आला नसता.

भीमाबाई विचारू लागल्या की हे काय चाललंय, फोटो समोरून काढतात ना. मी डोळा लावला. लेन्समध्ये जनीचा चेहरा अर्धी चौकट भरून होता, कानाजवळच्या पांढऱ्या केसांसकट. पलीकडे सुनंदा. तिच्यामागे सगळा गोतावळा, सुपाऱ्या मांडल्यासारखा. पार दुसऱ्या कडेला, कपाटाला लागून, भीमाबाई, आणि त्यांचा एक खांदा बाहेर. मी एक पाऊल मागे सरकले असते तर त्या पूर्ण आल्या असत्या. मी सरकले नाही.

"सुनंदा," मी म्हटलं, "आईकडे बघ."

तिने बघितलं. डोळे भरलेच होते, पण त्यातून ती हसली, आणि जनीने तोंडावरचा पदर काढला. मी बटण दाबलं. मग लेन्सवर टोपी चढवली आणि झालं म्हणून सांगितलं. मोठा फोटो तेवढाच काढला.

प्रिंट आल्या त्या दिवशी भीमाबाई स्टुडिओत आल्या. फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

"मी कुटं हाय? माजा खांदाच तोडलाय ह्यात. घर माजं, सून माजी, खर्च माजा."

कृष्णकांत काउंटरवरून उठले आणि आत डार्करूममध्ये गेले. तिथे त्यांचं काही काम नव्हतं.

"आजी," मी म्हटलं, "तुम्ही जरा आत उभं राहायला हवं होतं."

त्यांनी फोटो काउंटरवर टाकला. मग चालत्या झाल्या. पुढे गावात त्यांनी माझ्याविषयी काय सांगितलं ते मला कळलंच, आणि कामोठ्याची दोन-तीन कामं गेली तीही खरी. मला त्याचं काही वाटलं नाही. कितीतरी दिवसांत इतकी शांत झोप लागली नव्हती.

जनी पुढच्या आठवड्यात आली. मी तिच्यासाठी मोठी प्रत काढून ठेवली होती. तिने हात लुगड्याला पुसले आणि फोटो धरला. आधी स्वतःकडे बघितलंच नाही. सुनंदाच्या चेहऱ्यावरून बोट फिरवलं, तेही न टेकवता. मग स्वतःला बघितलं. मी वाट बघत होते. चांगला आला म्हणेल, आशीर्वाद देईल, रडेल, काहीतरी.

तिने सांगितलं की सुनीने घरात ठणकावलंय, बारशाला आई पाळण्याशी बसेल, नाहीतर पाळणा हलणार नाही. सासू दोन दिवस जेवली नाही, पण शेवटी गप्प झाली. सांगताना जनीची मान ताठ होती. मी तिला तशी आधी कधी पाहिली नव्हती.

मग तिने बोट फोटोच्या कडेला नेलं, कपाटाजवळ.

"विहीणबाय तुटल्या गो हितं," ती म्हणाली. "बारशाला त्यांना पन आत घे. आसं आर्धं माणूस बरं नाय दिसत."

माझ्या तोंडावर आलं होतं, की त्यांनी तुला अर्धीच ठेवली तेव्हा कोणाला वाईट दिसलं? पण तिच्या बोटाखाली तो तुटलेला खांदा होता, आणि तो मी तोडला होता. मला राग आला. कोणाचा, ते त्या दिवशी ठरवता आलं नाही. मी एवढंच म्हटलं, "घेईन," आणि फोटो तिला जाड कागदात बांधून दिला.