पिकअपमध्ये पाणी कुठे मुरतं

पाणीपुरवठा खात्यात एकतीस वर्षं गळत्या शोधून निवृत्त झालेल्या माणसाला गल्लीने ‘गळतीसाहेब’ म्हणावं यात नवल नव्हतं. नवल हे, की त्यांना ते आवडायचं. लोखंडी कांब रस्त्यावर टेकवायची, दुसरं टोक कानाला लावायचं आणि सांगायचं, “चार पावलं पुढे खणा.” खणलं की पाणी. आपला अंदाज कधी चुकला नाही, असं सगळे म्हणतात, हे ते स्वतःच सांगत.

अशा माणसाच्या बायकोच्या पिकअपमध्ये, पाऊस झाला की घोटाभर पाणी साचायचं.

बायकोची रोपवाटिका होती. एकोणीस वर्षांची ती पिकअप तिचीच. कुंड्या, खताची पोती भरायची तीच आणि गाडी हाकायचीही तीच. ड्रायव्हरशेजारच्या सीटपुढच्या गालिच्यात एके दिवशी चक्क टोमॅटोचं रोप उगवलं, तेव्हा ती म्हणाली, “अहो, उद्या गाडी गॅरेजला टाकते.”

“गळतीसाठी? आणि गॅरेजला?” साहेबांचा चहा कपातच राहिला. “लोक काय म्हणतील?”

“लोकांचे पाय भिजत नाहीत. माझे भिजतात.”

“मी बघतो म्हटलं ना!”

ती काहीतरी बोलणार होती, पण उठून कुंड्यांना पाणी घालायला गेली.

साहेबांनी पहिला संशय दारावर घेतला. गुडघे टेकून पाहिलं तर दाराच्या खालच्या कडेला तीन बारीक भोकं. चोर सापडला! त्यांनी तिन्ही भोकं सिलिकॉनने गच्च बुजवली आणि त्या दिवशी दोन घास जास्त जेवले.

पुढच्या पावसानंतर बायको गाडी घेऊन निघाली. वळण घेतलं की दाराच्या पोटात खळ्ळकन आवाज. ब्रेक दाबला की पुन्हा खळ्ळ. चौकात ओळखीचा फिटर भेटला. त्याने दाराला कान लावला आणि पोट धरून हसायला लागला. “वहिनी, काचेवरचं पाणी दारात उतरतं, ते बाहेर जायची भोकं असतात ती! बुजवली कुणी?”

वहिनींनी नाव सांगितलं नाही. घरी येऊन फक्त एवढंच म्हणाल्या, “आधी पाणी नुसतं यायचं. आता मुक्कामाला राहतं.”

साहेबांनी स्क्रूड्रायव्हरने भोकं मोकळी केली. भसकन आलेलं पाणी त्यांच्याच चपलांवर पडलं.

मग मात्र त्यांनी शिस्तीत काम करायचं ठरवलं. बाहेरून नळीने पाणी मारायचं, खालून सुरुवात करून वर जायचं, आणि आत कुणीतरी बसून पाहायचं. बायकोकडे गिऱ्हाइकं होती. उरल्या सासूबाई. वय ब्याऐंशी, वजन जेमतेम चाळीस, जीभ मात्र चांगली धारदार. बॅटरी आणि छत्री घेऊन त्या सीटवर चढल्या आणि काच लावून छत्री उघडून बसल्या.

“आई, छत्री मिटा. पाणी कुठे पडतं ते कळायला हवं.”

“जावईबापू, तुमच्यावर विश्वास आहे, म्हणूनच उघडली.”

साहेबांनी आधी दारावर पाणी मारलं, मग पुढच्या काचेच्या खालच्या कडेवर, मग बाजूच्या रबरावर. दर वेळी ओरडून विचारायचं, “आलं का?” आणि आतून उत्तर यायचं, “ठणठणीत!” अर्धा तास झाला. हात भरून आले, लेंगा गुडघ्यापर्यंत भिजला. शेवटी त्यांनी नळी टपावर धरली.

“आलं!”

“कुठून?”

“वरून. टपाचं आतलं कापड ओलं झालंय. ओघळ काचेच्या खांबामागून खाली उतरतोय, थेट पायाशी. आणि जावईबापू, छत्री मी मिटली होती हो. तुमच्या आग्रहाखातर भिजले.”

साहेब आत शिरले. टपाच्या आतलं कापड कडेने सोडवून खाली ओढलं. पत्र्यातून दोन बोल्ट डोकावत होते. गंजलेले, रबराचा वायसर नसलेले. दोन्हींच्या टोकाला एकेक थेंब लोंबत होता.

ते बोल्ट त्यांनी ओळखले. गेल्या वर्षी लग्नाच्या वाढदिवसाला त्यांनी बायकोला रोपवाटिकेच्या नावाचा हिरवा बोर्ड भेट दिला होता. गिरमिटाने टपाला भोकं पाडून तो बसवलाही स्वतःच होता. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका खणून काढल्या, आणि ही मात्र आपल्याच हातची! त्यांचे कान तापले.

सासूबाई एकदा बोल्टकडे बघत होत्या, एकदा जावयाकडे. काही बोलल्या नाहीत. त्यांच्या बाबतीत हे फारच झालं.

दुपारभर साहेबांनी काम केलं. बोल्ट काढले, गंज खरवडला, नवे बोल्ट रबरी वायसर घालून कसले, भोवती सिलिकॉन भरलं. ते वाळल्यावर पुन्हा पाणी मारलं. कोरडं. इतक्यात बायको हात पुसत आली. “काय, सापडलं?”

“सापडलं तर!” सासूबाई घाईने म्हणाल्या. “टप जुना झालाय, कुठेतरी विरला असेल. पण जावईबापूंनी बरोबर पकडलं हो!”

साहेबांनी मान डोलावली. आणि मग, त्यांचं त्यांनाच ठाऊक का, पण त्यांना ते कौतुक पचेना.

“टपाचा दोष नाही,” ते म्हणाले. “मी बोर्ड लावला ना, त्या बोल्टांतून येत होतं.”

“माहीत आहे,” बायको म्हणाली.

“माहीत आहे?”

“बोर्ड लागला आणि पहिल्याच पावसात पाय भिजले. न कळायला मी काय दुधखुळी आहे?”

“मग सांगितलं का नाहीस?”

“कसं सांगणार? गळतीसाहेबांना? म्हणून तर म्हणत होते, गाडी गॅरेजला टाकते. गॅरेजवाल्याने गुपचूप करून दिलं असतं, तुमचा मानही राहिला असता.” तिने वर पाहिलं. “आणि बोर्ड मला आवडतो. तो काढायला लागला असता तर?”

साहेबांनी नळी गुंडाळायला घेतली. बायकोने मागे आठ कुंड्या चढवल्या, गाडी सुरू केली आणि आईला म्हणाली, “उतर आता, मला माल पोचवायचाय.”

“मी कशाला उतरू?” सासूबाई म्हणाल्या. “कोरडी गाडी एवढ्या दिवसांनी मिळाली आहे. चल, मला जरा फिरवून आण.”