घटाला ऊन

"झाडाला काय काय लागतंय? सांगा बघू!" दानेश्वरीबाईंनी विचारलं आणि अंगणवाडीत एकच कल्ला उठला.

"पाणी!"

"माती!"

"चड्डी!" कोपऱ्यातून सोमशेखर ओरडला.

"चड्डी कशाला रं बाबा?"

"थंडी वाजती की त्येला."

मदतनीस बनाबाई खिचडी ढवळता ढवळता इतक्या हसल्या, की झारा पातेल्यातच राहिला. दानेश्वरीबाई मात्र हसल्या नाहीत. चार वर्षांच्या माणसाचं बोलणं हसण्यावारी न्यायचं नाही, असा त्यांचा नियम होता. गडहिंग्लजहून लग्न होऊन मंगळवार पेठेत आल्या, स्वतःला मूलबाळ झालं नाही, पण या एका खोलीत त्यांनी अर्ध्या पेठेला बडबडगीतं शिकवली. आज दाढीमिशा फुटलेले बाप्येसुद्धा रस्त्यात भेटले की "बाई!" म्हणून गाडी थांबवतात.

"व्हय, वाजत आसंल थंडी," त्या गंभीरपणे म्हणाल्या. "आता गंमत बघा."

आठवड्यापूर्वी पोरांनी दोन करवंट्यांत मटकी पेरली होती. एक करवंटी खिडकीत, दुसरी कपाटात. कपाटातली बाहेर आली आणि सगळा वर्ग चिडीचूप झाला. लांबलचक, मान टाकलेले, पिवळेफटक कोंब! राजनंदिनी पुढं सरकली. तिनं कोंबाला बोट लावलं, कपाळाला हात लावून ताप बघतात ना, तसं.

"बाई, ह्यो आजारी हाय?"

"व्हय गं. अंधारात हुता न्हवं? ऊन मिळालं न्हाय, म्हणून पिवळा पडला. उन्हात ठिवूया. बरा हुतोय बघ."

झालं! सगळी पलटण खिडकीपाशी गोळा झाली. कोण कुणाच्या पाठीवर, कोण कुणाच्या पायावर.

"सरा की रं बाजूला! सावली पाडू नका त्येच्यावर. त्येला बरं व्हायचंय," बाईंनी दटावलं.

आणि खरंच, दोन दिवसांत कोंब हिरवे झाले. राजनंदिनीनं बाईंकडं असं बघितलं, जणू बाईंनी खिशातून चंद्र काढून दाखवला होता.

आता तिच्या घरचं सांगायला हवं. तिचा आज्जा आकाराम रिक्षा चालवायचा. नातीला पुढ्यात बसवून आणायचा आणि अंगणवाडीच्या दारात असा हॉर्न वाजवायचा, की बनाबाईंच्या हातातलं भांडं पडायचं. गणपतीच्या सुमाराला त्याला अर्धांगाचा झटका आला. दवाखान्यानं काही दिवस ठेवून घेतलं, मग "घरी न्या, सेवा करा" म्हणून सांगितलं. तेव्हापासून तो आतल्या खोलीत पडून होता. त्या खोलीला खिडकी नव्हती.

नवरात्र बसलं. राजनंदिनीच्या आजीनं, अंबूबाईनं, बाहेरच्या खोलीच्या कोपऱ्यात घट मांडला. पाटावर पत्रावळ, तिच्यावर माती, मातीत धान्य, मधोमध पाण्याचं मडकं, आणि शेजारी जमिनीवर अखंड दिवा. एकदा बसलेला घट दसऱ्यापर्यंत जागचा हलवत नाहीत, एवढं तर सगळ्यांना ठाऊक असतं. त्या अर्ध्या अंधारात धान्य उगवतं तेही हळदीसारखं पिवळं. दरवर्षीचंच.

पण यंदा घट हिरवा झाला! पोपटी, टवटवीत! अंबूबाईनं गल्लीतल्या सगळ्या बायकांना घरात बोलावून दाखवला. तेवढ्यानंही तिचं पोट भरलं नाही, म्हणून अंगणवाडीत आली.

"बाई, देवीनं कौल दिला! आमचा म्हातारा उठतोय आता!"

"उठतील की आजी. देवी हाय त्यांच्या पाठीशी," दानेश्वरीबाई म्हणाल्या. त्यांना मनापासून आनंद झाला. डोक्यात दुसरं काही आलंच नाही.

दुसऱ्या दिवशी अंबूबाई परत आली, ती नातीचं मनगट धरून, ओढतच.

"बाई, काय शिकिवतासा वो तुमी पोरास्नी?"

"काय झालं आजी?"

"घट हलिवला की हिनं! मी दुपारची अंबाबाईच्या रांगंत, हिची आई म्हाताऱ्याला भरवालेली, आन ही पाट वडत दारात! रोजचंच म्हणं! काल गुडघा धरला म्हणून मधनंच म्हागारी आलो, तर देवी उंबऱ्यात उन्हाला बसल्या!"

राजनंदिनी रडत नव्हती. तिला चूकच कळली नव्हती, तर रडणार कशाला?

"मी हळूच वडलो बाई. पाणीबी सांडलं न्हाय. त्यो पिवळा पडलाता. तुमीच म्हणलासा की, उन्हात बरा हुतोय." मग ती जरा पुढं सरकली. "आज्जाबी पिवळा पडलाय बाई. पर त्येचा पलंग मला वडत न्हाय. तुमी याल काय वडाय?"

बनाबाईंचा झारा थांबला. अंबूबाईची पकड सुटली. ती पायरीवर बसली आणि पदराचं टोक चोळू लागली.

"म्हंजे कौल न्हवताच म्हणा की त्यो," ती हळू म्हणाली.

दानेश्वरीबाईंना कितीतरी बोलायचं होतं. पोराच्या हातानं देवीच आली असंल, असं म्हणावं का? ते खोटं वाटलं. घट हलल्यानं काही होत नसतं, असं म्हणावं? ते या बाईच्या तोंडावर म्हणवेना.

"आजी, चूक माझी हाय. हिला बोलू नका."

"बोलून काय हुतंय? हलला त्यो हलला."

ती नातीला घेऊन निघून गेली. भांडून गेली असती तर बरं झालं असतं. घरी भांडी घासताना दानेश्वरीबाई नळ तसाच चालू ठेवून पोरीला सांगायचं वाक्य जुळवत होत्या. 'पिवळं पडलेलं सगळंच उन्हानं बरं हुत न्हाय.' मग ती विचारणार, कशानं हुतंय? तिथंच वाक्य अडायचं. पुन्हा पहिल्यापासून.

सकाळी अंगणवाडीचं कुलूप काढत होत्या, तेवढ्यात बनाबाई लगबगीनं आल्या. "बाई, आकारामदादा गेले. पहाटं."

गल्लीत माणसं जमली होती. भिंतीला लागून रिक्षा उभी होती, तिच्यावर कव्हर तसंच. दारात राजनंदिनीची आई, तेजस्वी, भिंतीला डोकं लावून बसली होती. दानेश्वरीबाई आत शिरताना बायका कुजबुजल्या. अंबूबाईनं मान वर केली. आता ही ओरडणार, असं सगळ्यांनाच वाटलं.

"बाई, आमास्नी सुतक पडलं," ती म्हणाली. आवाज पार बसला होता. "भावकीतलं कुणी शिवंना. घट आता ठिवून चालत न्हाय. तुमी हलवा."

दानेश्वरीबाईंनी चपला काढल्या, हात धुतले, कोपऱ्यात गेल्या. दिवा अजून जळत होता. सगळे कोंब दाराकडं झुकलेले होते, कुणीतरी हाक मारल्यासारखे. त्यांनी पाटाखाली दोन्ही हात घातले आणि घट उचलला. चार वर्षांच्या पोरीनं हा असला भार कसा ओढला असेल?

घट छातीशी धरून त्या उंबऱ्याबाहेर आल्या. पुरुषांनी तोवर आकारामला अंगणात फळीवर आणून आंघोळ घातली होती. ऑक्टोबरचं लख्ख ऊन त्याच्या ओल्या कपाळावर पडलं होतं. उशाशी राजनंदिनी उभी होती. अख्ख्या गल्लीत तेवढाच एक चेहरा खुललेला.

"बाई, बघा की!" ती कुजबुजली. "उन्हात ठिवल्यात. पाणीबी घातल्यात."

दानेश्वरीबाईंनी इतकी वर्षं पोरांच्या प्रश्नांना उत्तरं दिली होती. आज पोरीनं प्रश्न विचारलाही नव्हता. त्यांनी घट छातीशी आणखी घट्ट धरला.

राजनंदिनीनं त्यांचा पदर ओढला.

"सरा की बाई बाजूला. तुमची सावली पडालीय आज्जावर."

दानेश्वरीबाई बाजूला सरल्या.